काळ्या पडद्याचें निदान

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला" अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. पाण्यानें भरलेली पखाल वाहून वाहून रेडा आजारी पडला, तर औषध रेड्यास द्यावयाचें, त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीस नव्हे. हें इतकें उघड असूनहि, निदान चुकलें म्हणजे शहाणीं माणसें देखील पखालीसच औषध पाजूं लागतात. ज्या काळीं ही म्हण झाली त्या काळीं संगणक नव्हता. तथापि संगणकाच्या दुरुस्तींत तिचा प्रत्यय पदोपदीं येतो. प्रस्तुत लेखांत आम्ही संगणकाच्या एकाच व्याधीचा विचार करणार आहों. बटण दाबलें कीं दिवा लागतो, पंखा फिरूं लागतो, पेटींतून घरघर ऐकूं येते. परंतु पडद्यावर कांहींएक उमटत नाहीं. दुरुस्तीच्या दुकानांतून या व्याधीला 'नो डिस्प्ले' म्हणतात.

हा विषय आम्हीं निवडला याचें कारण केवळ यांत्रिक कुतूहल नव्हे. मुळशी तालुक्यांतील हिंजवडी या गांवाचेंच उदाहरण घ्या. एके काळीं हें गांव भाताच्या खाचरांचें आणि म्हातोबाच्या बगाडाचें म्हणून पंचक्रोशींत ओळखलें जाई. बगाडाची परंपरा आजहि चालू आहे. परंतु शिवाराच्या मोठ्या भागावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविलें असून तेथील कचेऱ्यांतून हजारों माणसें संगणकावर काम करीत असतात. मोठ्या कचेऱ्या कांहीं वर्षांनीं आपले जुने संगणक काढून टाकतात. ते झाडून-पुसून पुन्हां बाजारांत येतात, आणि नवा संगणक घेण्याची ऐपत नसलेलीं कुटुंबें ते विकत घेतात. अशा घरांत संगणक चैनीची वस्तु म्हणून येत नाहीं. मुलीचा अभ्यास, मुलाचा प्रवेश-अर्ज, वडिलांच्या लहानशा धंद्याचा हिशेब, या सर्वांचा भार त्या एका पेटीवर असतो.

मग पावसाळ्यांतल्या एखाद्या ओल्या सकाळीं पडदा काळाच राहतो. कोणी म्हणतो, "मदरबोर्ड जळला, आतां नवाच घ्या." कोणी म्हणतो, "विंडोज उडालें, सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल." पहिला सल्ला मानला तर महिन्याची कमाई जाते, दुसरा मानला तर वर्षाचें काम पुसलें जातें. आणि मूळ दोष कित्येकदां एवढाच असतो कीं, आंतली एक पट्टी आपल्या खांचेंतून केसभर हललेली असते! अशा घरांत निदानाची रीत जाणणारें एक जरी मूल असलें, तरी त्या घराची गांठ सुटण्याचें वांचतें. ती रीत अवघड नाहीं. यंत्र ज्या क्रमानें जागें होतें तो क्रम ठाऊक असावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट तपासण्याचा धीर असावा. बाकी सारें या दोहोंतून आपोआप निघतें.

यंत्र जागें कसें होतें

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. टेबलाखालच्या सबंध पेटीला 'सीपीयू' म्हणण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. वास्तविक सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा त्या पेटींतला तळहातांत मावणारा एक चौकोनी तुकडा होय. पेटीला कॅबिनेट म्हणावें. तिच्यांत जो मोठा फळा असतो तो मदरबोर्ड. त्याच्यावर प्रोसेसर बसविलेला असतो. शेजारच्या लांबट खांचांत ज्या पट्ट्या उभ्या असतात ती रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मरणशक्ति. घरची वीज घेऊन तिचें सौम्य विजेंत रूपांतर करणारा धातूचा डबा म्हणजे एसएमपीएस. आणि कांहीं यंत्रांत चित्र तयार करण्यासाठीं निराळें ग्राफिक्स कार्ड असतें. पडदा, म्हणजे मॉनिटर, या सर्वांहून वेगळा असून त्याला स्वतःची वीज व स्वतःचें बटण असतें. ही शेवटची गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आतां बटण दाबल्यावर काय घडतें तें क्रमानें पाहूं. बटणाची खूण मिळतांच मदरबोर्ड एसएमपीएसला चालू होण्यास सांगतो. एसएमपीएस २३० व्होल्टची घरगुती वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी तीन मुख्य दाबांची वीज पुरवूं लागतो. आणि हे दाब स्थिर झाले म्हणजे 'वीज ठीक आहे' अशी खूण एका स्वतंत्र तारेनें मदरबोर्डास देतो. ती मिळाल्यावरच प्रोसेसर कामास लागतो. मदरबोर्डवरच्या एका लहान चिपेंत साठविलेली सूचनावली तो प्रथम वाचतो; तिला बायोस म्हणतात, आणि नव्या यंत्रांतील तिच्या सुधारलेल्या रूपास यूईएफआय असें नांव आहे. या सूचनांप्रमाणें यंत्र स्वतःचीच परीक्षा घेतें. रॅम जागेवर आहे काय, चित्र काढणारा भाग उत्तर देतो काय, असे प्रश्न तें एकामागून एक विचारतें. परीक्षा उतरली म्हणजे पडद्यावर कंपनीचें बोधचिन्ह उमटतें, आणि त्यानंतर डिस्क वाचून विंडोज किंवा लिनक्स सुरू होतें. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आणलेल्या वैयक्तिक संगणकांतहि ही आत्मपरीक्षा होती. सर्व ठीक असेल तर तो एक आंखूड 'बीप' करी.

विद्यार्थ्यांनीं हा क्रम मुखोद्गत करावा, कारण त्यांतून दोन मोलाचे निष्कर्ष निघतात. पहिला हा कीं, पंखा फिरतो एवढ्यावरून संगणक जागा झाला असें ठरत नाहीं. पंख्यास १२ व्होल्टची वीज मिळाली कीं तो फिरतो. प्रोसेसर, रॅम किंवा चित्र यांविषयीं तो कांहींच सांगूं शकत नाहीं. विहिरीवरील पंपाची मोटर घरघरते म्हणून पाणी चढलें असें कोणी शेतकरी मानीत नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरा निष्कर्ष याहूनहि महत्त्वाचा आहे. डिस्क वाचण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते. तेव्हां सुरुवातीचें बोधचिन्हहि दिसत नसेल, तर दोष विंडोजच्या आधींच्या पायरीवर शोधला पाहिजे. अशा वेळीं डिस्क पुसून विंडोज नव्यानें भरणें म्हणजे शब्दशः पखालीस औषध देणें होय. आणि त्या औषधानें पखालींतलें पाणीहि सांडतें, कारण डिस्कवर असलेले फोटो, हिशेब व अभ्यासाचे कागद नाहींसे होतात. याउलट बोधचिन्ह नीट दिसून मग पडदा काळा होत असेल, तर ती व्याधि निराळी. तेथें विंडोजकडे अथवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे पाहणें योग्य ठरतें.

तीन शक्यता

बोधचिन्हहि दिसत नाहीं असें धरून चालूं. मग तीनच शक्यता उरतात. एक, यंत्र पूर्णपणें जागें आहे, पण चित्र पडद्यापर्यंत पोंचत नाहीं. दोन, यंत्र जागें होऊं लागलें, पण आत्मपरीक्षेंत अडकलें. तीन, पंखा फिरत असूनहि यंत्र मुळीं जागेंच झालें नाहीं.

पहिली शक्यता ओळखण्यास एक पैसा लागत नाहीं. बटण दाबून दोन-तीन मिनिटें थांबावें आणि कीबोर्डवरील कॅप्स लॉक ही कळ दाबावी. तिचा दिवा लागला व पुन्हां दाबल्यावर विझला, तर प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड बहुधा आपापलें काम करीत आहेत; दोष पडद्याच्या बाजूस आहे. दिवा हलतच नसेल, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या शक्यतेकडे वळावें. येथें एक सावधगिरी सांगून ठेवतों. डीडीआर-५ जातीची रॅम असलेलीं कांहीं नवीं यंत्रें रॅम बदलल्यावर प्रथम सुरू होतांना तिची जुळणी करण्यांत कित्येक मिनिटें घालवितात व तोंवर पडदा काळाच असतो. अधीर होऊन मधेंच वीज तोडूं नये.

बाहेरून आंत

खाचरांत पाणी येईनासें झालें म्हणजे शेतकरी धांवत जाऊन विहीर उपसूं लागत नाहीं. तो खाचराच्या तोंडाशीं उभा राहतो आणि पाटाच्या कडेनें उलट चालत जातो. जेथें बांध फुटला असेल तेथें त्याला पाणी वाहून गेलेलें दिसतें. आपणहि पडद्यापासून निघून उलट चालत जावें.

प्रथम मॉनिटर. त्याची वीज, त्याचें बटण व त्याचा लहान दिवा पाहावा. मग चित्राची केबल संगणकाच्या बाजूनें काढून मॉनिटर बंद करून पुन्हां चालू करावा. निरोगी मॉनिटर 'नो सिग्नल' किंवा तत्सम अक्षरें क्षणभर तरी दाखवितो. ती दिसलीं तर मॉनिटर जिवंत आहे. ती दिसलीं नाहींत, तर केबल पुन्हां जोडून खोलींत अंधार करावा व पडद्यावर तिरप्या बाजूनें टॉर्चचा प्रकाश टाकून निरखून पाहावें. अंधुक चित्र दिसलें, तर चित्र येत आहे, केवळ पडद्यामागचा प्रकाश गेला आहे असें समजावें.

पुष्कळ मॉनिटरांना दोन-तीन प्रकारचीं तोंडें असतात : १९८७ पासून चालत आलेलें, पंधरा छिद्रांचें व बहुधा निळ्या रंगाचें व्हीजीए, त्यानंतरचें डीव्हीआय, आणि अलीकडचीं एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट. केबल एका तोंडाला लावलेली आणि मॉनिटर दुसऱ्याच तोंडाकडे कान देऊन बसलेला, असें वारंवार घडतें. मॉनिटरच्या कडेवरील बटणानें योग्य तोंड निवडावें. व्हीजीए केबलीच्या पिना पाहाव्या. एखादी वांकली असेल तर ती हलक्या हातानें सरळ करावी. कांहीं केबलींत एक पिन मुळांतच बसविलेली नसते; ती तुटली असा ग्रह करून घेऊं नये. शक्य असल्यास शेजाऱ्याकडची चालती केबल व चालता मॉनिटर आणून लावून पाहावा. चांगली म्हणून ठाऊक असलेली वस्तु संशयिताच्या जागीं लावणें ही या विद्येंतली सर्वांत खात्रीची कसोटी होय.

नंतर कॅबिनेटची पाठ पाहावी. ग्राफिक्स कार्ड असेल तर पाठीवर चित्राचीं तोंडें दोन ठिकाणीं दिसतात : वर यूएसबीच्या तोंडांशेजारीं मदरबोर्डचें, आणि खालीं आडव्या पट्टींत कार्डाचें. कार्ड बसविलेलें असतां केबल कार्डासच लावावी. मदरबोर्डचें तोंड अशा वेळीं बहुधा मुकें असतें. शिवाय कांहीं प्रोसेसरांत चित्र काढण्याची शक्ति नसतेच. इंटेलच्या ज्या प्रोसेसराच्या क्रमांकाअखेर 'एफ' हें अक्षर असतें तो या जातीचा. त्याला कार्डावांचून पडदा उजळतां येत नाहीं.

पेटी उघडण्यापूर्वीं

येथवरचें काम कोणाहि विद्यार्थ्यानें एकट्यानें करण्यासारखें आहे. पेटी उघडतांना मात्र घरांतलें वडील माणूस जवळ असावें. संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा. केवळ बटण बंद केल्यानें भागत नाहीं. प्लग काढल्यावर संगणकाचें बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावें, म्हणजे मदरबोर्डवर राहिलेली वीज ओसरते. एसएमपीएसचा डबा कोणत्याहि कारणासाठीं उघडूं नये. त्यांतील कपॅसिटर शेंकडों व्होल्टपर्यंत भारलेला असूं शकतो व प्लग काढल्यावरहि कांहीं वेळ तसाच राहूं शकतो. तो धक्का प्राणघातक होऊं शकतो.

दुसरा धोका यंत्राला आपल्यापासून असतो. कोरड्या हवेंत नायलॉनचे कपडे घातलेल्या माणसाच्या अंगीं स्थिर वीज सांठते; तिची आपल्याला न जाणवणारी ठिणगीहि चिपेस मारूं शकते. म्हणून आंत हात घालण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा व मधून मधून पुन्हां करावा. प्रत्येक जोडणी काढण्याआधीं फोनवर तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें.

आंत प्रथम नुसतें डोळ्यांनीं पाहावें. एखादी तार सुटली आहे काय, मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांचीं टोपणें फुगलीं आहेत काय, मुंग्यांनीं अथवा पालीनें बिऱ्हाड केलें आहे काय, हें पाहण्यास पांच मिनिटें लागतात. यास कोणी हंसूं नये. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क-२' या यंत्राच्या एका रिलेंत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एक पतंग सांपडला होता, आणि तेथील माणसांनीं तो आपल्या नोंदवहींत चिकटवून ठेवला होता.

रॅमची पट्टी

जुन्या यंत्राला हा विकार जडला म्हणजे पहिला संशय रॅमवर घ्यावा. याचें कारण तिच्या रचनेंत आहे. डीडीआर-३ जातीच्या पट्टीला २४० आणि डीडीआर-४ जातीच्या पट्टीला २८८ संपर्कबिंदु असतात. त्यांतल्या एखाद्यानेंहि दगा दिला तर आत्मपरीक्षा तेथेंच थांबूं शकते. या बिंदूंवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. सोनें गंजत नाहीं हें खरें; पण धूळ, दमट हवा व बोटांचा तेलकटपणा यांचा थर मधें बसला म्हणजे विजेची वाट अडते. सह्याद्रीच्या कुशींतल्या मुळशी तालुक्यांत पाऊस भरपूर, आणि हिंजवडीसारख्या वाढत्या वस्तींत बांधकामाची धूळहि भरपूर. तेव्हां या थरास येथें दोन्ही बाजूंनीं खाद्य मिळतें. शिवाय जुना संगणक घरीं येतो तो बहुधा दुचाकीवर, कोणाच्या तरी मांडीवर बसून. रस्त्याच्या खड्ड्यांनीं पट्टी किंवा कार्ड हललें तर नवल नाहीं.

पट्टीच्या टोंकाशीं असलेली खिटी बाहेर ढकलली कीं पट्टी मोकळी होते. तिला कडेनें धरावें, सोनेरी बिंदूंना बोट लावूं नये. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें भिजविलेल्या मऊ कापडानें बिंदु पुसावे. पुष्कळ कारागीर खोडरबर वापरतात; तोहि चालतो, परंतु हात अगदीं हलका असावा, कारण मुलामा पातळ असतो, आणि रबराचा चुरा खांचेंत पडूं देऊं नये. खांचेवरील धूळ मऊ ब्रशानें काढावी; तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. पट्टीच्या कडेवरील कापा व खांचेंतील उंचवटा जुळवून दोन्ही टोंकांवर सारखा दाब द्यावा. खिटी आपण होऊन 'टक्' करून बसली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक निराळी लावून, आणि तीच पट्टी निरनिराळ्या खांचांत लावून पाहावी. असें केलें म्हणजे पट्टी वाईट कीं खांच वाईट, याचा उलगडा होतो.

यंत्राची भाषा

पडदा मुका असला तरी यंत्र सर्वस्वीं मुकें नसतें. मदरबोर्डला लहान भोंगा जोडलेला असेल तर आत्मपरीक्षेंत कोठें अडलें हें तो बीपच्या संख्येनें सांगतो. जुन्या आयबीएम पद्धतींत एक लांब व दोन आंखूड बीप म्हणजे चित्राच्या भागांत दोष. मात्र प्रत्येक कंपनीची ही भाषा निराळी असल्यामुळें आपल्या मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहूनच अर्थ लावावा. अलीकडच्या कित्येक मदरबोर्डांवर भोंग्याऐवजीं चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, चित्र व डिस्क यांपैकीं ज्याचा दिवा लागून राहील त्याच्यापाशीं परीक्षा अडली असें समजावें.

भोंगा असेल तर आणखी एक युक्ति आहे. यंत्र बंद करून सर्व रॅम काढावी आणि मग बटण दाबावें. रॅम नसल्याची तक्रार यंत्रानें बीप करून केली, तर प्रोसेसर व मदरबोर्ड जागे आहेत हें सिद्ध झालें. "मदरबोर्ड जळला" असें म्हणणाऱ्यास हें एवढेंच ऐकवावें.

यानंतर बटणासारखा सेल. मदरबोर्डवर सीआर २०३२ या क्रमांकाचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा सेल असतो. त्याच्या बळावर यंत्राचें घड्याळ चालतें. बायोसच्या ठरावांत कांहीं बिघडलें असेल, तर प्लग काढून हा सेल दहा मिनिटें बाहेर ठेवावा व अधिक चिन्हाची बाजू वर करून परत बसवावा, म्हणजे बहुतेक यंत्रें मूळ ठरावांवर येतात. संगणकाची तारीख रोज मागें जात असेल तर सेल म्हातारा झाला असें जाणून नवाच घालावा.

थोडक्याकडून पुष्कळाकडे

एवढें करूनहि पडदा काळा राहिला तर ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हां बसवावें. मोठ्या कार्डाला विजेची स्वतंत्र तार लागते, आणि प्रोसेसराजवळहि चार किंवा आठ पिनांची एक निराळी तार लागते. ही दुसरी तार सुटलेली असली तरी पंखे फिरतच राहतात, हें आतां वाचकांस नवल वाटूं नये. मग यंत्र उघडें-बोडकें करावें : मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस आणि चित्राचा भाग, बाकी डिस्क व यूएसबीच्या सर्व वस्तु दूर. या स्थितींत बोधचिन्ह आलें तर एकेक वस्तु जोडीत जावें. ज्या वस्तूनें अंधार परत येईल ती दोषी. प्रत्येक वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत टिपावा. एकदम तीन गोष्टी बदलल्या व यंत्र सुरू झालें, तर यंत्र मिळालें पण ज्ञान मिळालें नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां तोच अंधार.

थोडक्यापासून आरंभ करण्याची ही रीत मोठमोठ्या संशोधकांनींहि पाळलेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं 'टिफ्रॅक' हा संगणक बांधण्यांत आला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या. तो एकदम उभा केला नाहीं. आधीं एक लहान नमुनायंत्र बांधून १९५६ सालीं चालवून पाहिलें, आणि त्यावर भरंवसा बसल्यावर मोठें यंत्र हातीं घेतलें. १९६० सालीं तें रीतसर कामास लागलें. त्या काळीं बिघाड झाला तर विचारावयास आपल्या देशांत दुसरा कारागीर कोठून मिळणार? क्रमानें तपासणें हाच त्यांचा आधार होता.

तीन उदाहरणें

वाचकांनीं पुढील उदाहरणांचीं उत्तरें आधीं स्वतः शोधावीं व मग वाचावें. पहिलें : पडदा काळा, पण कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, शेजाऱ्याचा मॉनिटर लावला तरी अंधारच. येथें यंत्र जागें व मॉनिटर निर्दोष. म्हणून संशय केबलीवर, अथवा केबल ज्या तोंडाला लावली त्या तोंडावर. दुसरें : कळीचा दिवा हलत नाहीं, रॅम काढली असतां भोंगा वाजतो, परत बसविली कीं गप्प. येथें मदरबोर्ड बोलतो आहे. पट्टी किंवा खांच बदलून पाहावी. तिसरें : कळीचा दिवा नाहीं, रॅम काढली तरी भोंगा गप्प, प्रोसेसराची वीजतार नीट बसलेली. येथें यंत्र जागेंच होत नाहीं. चालता एसएमपीएस लावून पाहावा, आणि तरीहि फरक न पडला तर प्रोसेसर वा मदरबोर्ड यांची तपासणी कारागिराकडून करवावी.

कारागिराकडे जातांना

घरच्या तपासणीची येथें सीमा झाली. यापुढें जाणता कारागीर हवा, आणि त्याच्या विद्येचा योग्य मोबदला त्यास आनंदानें द्यावा. पण जातांना आपली वही बरोबर न्यावी. काय काय करून पाहिलें व त्याचा परिणाम काय झाला हें ऐकल्यावर प्रामाणिक कारागिराचें काम हलकें होतें, आणि जो तसा नसेल तो सांभाळून बोलतो. कोणता भाग बिघडला, तो कशावरून ठरला, आणि बदललेला जुना भाग परत मिळेल काय, हे तीन प्रश्न विनयानें विचारावे. डिस्क पुसण्यास आपल्या संमतीवांचून हात लावूं नये, असें आधींच सांगावें. एखादी पट्टी किंवा एसएमपीएस बदलावा लागला तर पुण्याच्या तपकीर गल्लींत अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी; सबंध नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं.

आणि यंत्र खरोखरच संपलें असेल तर? मदरबोर्डच्या जोडकामांत व सुट्या भागांत, विशेषतः जुन्या यंत्रांत, शिशासारखे विषारी पदार्थ असूं शकतात. तो ओढ्यांत फेकणें किंवा तांब्याच्या लोभानें जाळणें यानें माती, पाणी व श्वास तिन्ही बिघडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणें अशा वस्तु नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाव्या अशी व्यवस्था आहे. त्यांच्याकडेच त्या द्याव्या. देण्यापूर्वीं डिस्क मात्र काढून घ्यावी, कारण पडदा गेला तरी तिच्यावरचें आपलें काम बहुधा शाबूत असतें व तें दुसऱ्या संगणकावर उतरवितां येतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांत एक गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवण्यास आपणांस शिकवितात. तीच शिकवण घरच्या टेबलाखालीं वाकून, हातांत टॉर्च व वही घेऊन, उपयोगांत आणतां येते. यंदाच्या पावसाळ्यांत आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरीं पंखा फिरत असून पडदा काळा राहिला, तर कोणी पैशांची थैली उघडण्याआधीं कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी.